एक्सेलमधली मराठी यादी डेटाबेसमध्ये नेताना अक्षरं कशी जपायची

मागच्या महिन्यात चाटी गल्लीतल्या एका चादरींच्या दुकानातून फोन आला. गिऱ्हाइकांची यादी एक्सेलमधून नव्या डेटाबेसमध्ये नेली होती. पार्सलवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापल्या, तर गावाच्या रकान्यात नुसती प्रश्नचिन्हं. दुकानातल्या मुलाला वाटलं प्रिंटर बिघडला. मी विचारलं, "एका ओळीत किती प्रश्नचिन्हं आहेत ते मोजून सांग." तो म्हणाला, "आठ." मूळ शब्द होता 'मंगळवेढा'.

त्या आठ आकड्यावरून बिघाड कोणत्या जातीचा आहे ते कळलं. मंगळवेढा लिहायला संगणकाला आठ खुणा लागतात: म, अनुस्वार, ग, ळ, व, मात्रा, ढ, काना. आठ खुणांच्या जागी आठ प्रश्नचिन्हं आली, म्हणजे वाटेत कुठल्यातरी प्रोग्रामने प्रत्येक खूण उचलून पाहिली, ती लिहायला आपल्याकडे जागाच नाही असं त्याला आढळलं आणि त्याने तिथे प्रश्नचिन्ह ठेवून दिलं. अशा वेळी डेटाबेसमध्ये मराठी शिल्लक राहिलेली नसते. कुठलाही फॉन्ट टाकला तरी ती परत येत नाही.

दुकान, पतसंस्था, शाळेचं कार्यालय किंवा छापखाना सांभाळताना ज्यांना एक्सेल येतं, पण डेटाबेसला पहिल्यांदाच हात लावायची वेळ आली आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. सोलापुरात तर हे काम जपून करावंच लागतं. आपल्या एका यादीत मराठी नावं असतात, हैदराबादच्या व्यापाऱ्याचं नाव तेलुगूत लिहिलेलं असतं, विजयपूर-कलबुर्गीकडचे पत्ते कन्नडात असतात, कधी उर्दूही असते. या सगळ्या लिप्या एका तक्त्यात सुखाने नांदू शकतात. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर कोणती संकेतपद्धती चालू आहे ते आपण स्वतः सांगायचं असतं. संगणकाला अंदाज करायला सोडलं की गडबड झालीच.

थोडं आधी समजून घ्या

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. युनिकोडने प्रत्येक खुणेला एक कायमचा क्रमांक दिला आहे. देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक मिळाले आहेत. स चा क्रमांक २३६०. हा क्रमांक फाइलमध्ये बाइटच्या रूपात कसा मांडायचा ते ठरवते ती संकेतपद्धती, म्हणजे एन्कोडिंग. आज सगळीकडे चालणारी पद्धत यूटीएफ-८. तिच्यात साध्या इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, उर्दूच्या अक्षराला २, देवनागरी, तेलुगू आणि कन्नडच्या प्रत्येक खुणेला ३, आणि मोबाइलवरच्या बहुतेक इमोजींना ४. म्हणून मंगळवेढा म्हणजे ८ खुणा आणि २४ बाइट. हे दोन आकडे लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्यावरच सगळी पडताळणी आहे.

विंडोजच्या जुन्या पद्धतीत एका खुणेला एकच बाइट, म्हणजे सगळ्या मिळून फार तर २५६ जागा. त्या युरोपच्या अक्षरांनी भरलेल्या. देवनागरीला तिथे एकही जागा नाही. मराठी मजकूर या पद्धतीत लिहायला लावला की प्रश्नचिन्हं येतात. उलट, यूटीएफ-८ मध्ये नीट लिहिलेली फाइल या जुन्या पद्धतीने वाचली की २४ बाइट म्हणजे २४ वेगळी अक्षरं समजली जातात आणि पडद्यावर कचरा दिसतो: डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए, त्याच्या शेजारी चार काड्या फुटलेलं बारीक वर्तुळ, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तेच. मधूनच जपानी येनचं चिन्ह दिसतं. मंगळवेढ्यात ते एकदाच येतं, वे च्या मात्रेपाशी.

आपल्याकडे या सगळ्याला सरसकट 'फॉन्ट उडाला' म्हणतात. फॉन्टचा दोष फक्त एकाच प्रकारात असतो: रिकाम्या चौकटी दिसतात तेव्हा. तिथे मजकूर शाबूत असतो, ते अक्षर काढणारा फॉन्ट तेवढा त्या संगणकावर नसतो. फॉन्ट टाकला की चौकटी जातात. तिरक्या रेघेचा कचरा बहुतेक वेळा दुरुस्त होतो. प्रश्नचिन्हं होत नाहीत. काळ्या चौकोनातलं पांढरं प्रश्नचिन्ह दिसलं तर हात थांबवा. वाचणाऱ्या प्रोग्रामला बाइट कळले नाहीत, एवढंच ते सांगतं. फाइल अजून चांगली असू शकते, पण त्याच अवस्थेत ती सेव्ह केली की मूळ अक्षरं गेली.

पायरी १: मूळ फाइल बाजूला ठेवा

एक्सेलची आजची (एक्सएलएसएक्स) फाइल ही खरं तर एक झिप असते आणि आत सगळं युनिकोडमध्ये असतं. म्हणजे एक्सेलमध्ये मराठी नीट आहे तोवर काही बिघडलेलं नाही. तिची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा पेनड्राइव्हवर ठेवा, नावात तारीख घाला, आणि काम संपून पडताळणी होईपर्यंत तिला हात लावू नका.

मी सुरुवातीला एका संस्थेची सभासद-यादी नेताना ही काळजी घेतली नव्हती. साध्या सीएसव्हीत (रकाने स्वल्पविरामाने वेगळे करणाऱ्या मजकूर-फाइलमध्ये) सेव्ह केलं, एक्सेलने काही गोष्टी जातील असा इशारा दिला, मी 'येस' दाबलं, आणि मूळ फाइलही त्याच गडबडीत मिटवली. नंतर रजिस्टर समोर ठेवून ती नावं रात्री बसून पुन्हा टाइप केली. ती रजिस्टरं होती म्हणून निभावलं. आजकाल कागदावर काहीच नसतं.

पायरी २: ही अक्षरं खरोखर युनिकोडमध्ये आहेत का

नवखे लोक सगळ्यात जास्त इथे फसतात, कारण पडद्यावर सगळं छान मराठीत दिसत असतं.

लग्नपत्रिका, हँडबिलं, दुकानाच्या पावत्या करणाऱ्या छापखान्यांत श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांवर वर्षानुवर्षं काम चाललं. त्या फॉन्टांत मराठी अक्षराचं नुसतं चित्र असतं. फाइलमध्ये असतं रोमन अक्षर. कृतिदेवमध्ये क दिसतो, पण साठवलेला असतो इंग्रजी डी. अशी यादी डेटाबेसमध्ये गेली की तिथे फॉन्ट नसल्यामुळे अर्थहीन इंग्रजी अक्षरं उरतात. संकेतपद्धती कितीही बरोबर निवडली तरी उपयोग नाही, कारण मुळात मराठी तिथे कधी नव्हतीच.

ओळखायचे दोन उपाय. पहिला, रकाना निवडून फॉन्ट एरियल करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे, इंग्रजी कचरा झाला तर जुना फॉन्ट. दुसरा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो. एक्सेलमध्ये 'युनिकोड' नावाचंच सूत्र आहे, २०१३ च्या आवृत्तीपासून. शेजारच्या मोकळ्या रकान्यात ते लिहा आणि नावाचा खाना त्याला द्या. त्या खान्यातल्या पहिल्या अक्षराचा क्रमांक मिळतो. हे सूत्र खालपर्यंत ओढा आणि २३०४ ते २४३१ च्या बाहेरचे क्रमांक फिल्टर लावून काढा. यादी तीन-चार जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून भरलेली असते, त्यामुळे निम्म्या ओळी युनिकोडमध्ये आणि निम्म्या जुन्या फॉन्टमध्ये असं सर्रास आढळतं. तेलुगू नाव असेल तर क्रमांक ३०७२ च्या पुढे, कन्नड असेल तर ३२०० च्या पुढे येईल, ते बरोबरच आहे.

जुना फॉन्ट निघाला तर त्या ओळी आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. कोणता कन्व्हर्टर घ्यायचा ते फॉन्टच्या नेमक्या नावावर ठरतं, म्हणून एक्सेलमध्ये फॉन्टचं नाव वाचून टिपून ठेवा. रूपांतर झाल्यावर तीन गोष्टी डोळ्यांनी तपासा: पहिली वेलांटी, रफार आणि ऱ्य. जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून तीच आधी. युनिकोडमध्ये आपण उच्चारतो तो क्रम: आधी अक्षर, मग वेलांटी. हा क्रम फिरवताना कन्व्हर्टर चुकतात, आणि जोडाक्षरावरच्या वेलांटीला तर हमखास. 'बिराजदार', 'मार्डी', 'खोऱ्यातील' असे शब्द शोधून बघा. नाव माणसाचं आहे, ते चुकीचं छापून त्याच्या घरी पाठवणं मला तरी जमत नाही. त्यामुळे या पायरीला एक अख्खी दुपार गेली तरी जाऊ द्या.

पायरी ३: दिसायला सारखी, आत वेगळी

आता मराठीपुरती एक अडचण. इंग्रजी लेखांत ही सापडणार नाही.

'ॲड.' लिहिताना कुणाचा कीबोर्ड ॲ हे एकच अक्षर टाकतो. कुणाचा अ टाकून त्यावर अर्धचंद्र ठेवतो: अॅ. दोन्ही दिसायला एक. डेटाबेसला मात्र ही दोन वेगळी नावं. वकिलांच्या यादीत 'ॲड.' शोधलं तर निम्मे वकील सापडणार नाहीत. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे त्याआधी तयार झालेल्या कीबोर्डांवर दुसरीच पद्धत होती.

तसंच ऱ्य चं. 'शेतकऱ्यांसाठी' यातला ऱ्य कुणी ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहितं. कुणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण वापरतं: र्‍य. ही जोडखूण डोळ्यांना दिसत नाही, पण तिचेही ३ बाइट असतात.

युनिकोडमध्ये 'नॉर्मलायझेशन' नावाची सोय आहे, वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं एकच अक्षर एका रूपात आणणारी. ती चालवावी, पण वरच्या दोन्ही जोड्या तिच्याने एक होत नाहीत. त्या तुम्हालाच 'फाइंड अँड रिप्लेस'ने एक कराव्या लागतात. मी ॲ आणि ऱ ही स्वतंत्र अक्षरं ठेवतो आणि दुसरी रूपं बदलून टाकतो. तुम्ही उलट ठरवलंत तरी चालेल, मात्र सगळ्या यादीत एकच ठेवा, आणि पुढे भरणाऱ्यालाही सांगा.

जाता जाता नावाच्या आगेमागे राहिलेल्या मोकळ्या जागा 'ट्रिम' सूत्राने काढा. आकडे मराठीत की इंग्रजीत ते ठरवा. पत्ता मराठीत हवा असेल तरी पिनकोड आणि फोनचे आकडे मी इंग्रजीत ठेवतो, कारण पुढे त्यावर क्रमवारी आणि शोध लागतो.

पायरी ४: एक्सेलमधून बाहेर काढणं

'सेव्ह ॲज'मध्ये सीएसव्ही नावाचे एकाहून जास्त पर्याय दिसतात. साधा सीएसव्ही घ्यायचा नाही. आठ प्रश्नचिन्हं तिथेच तयार होतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' असं स्पष्ट लिहिलेला पर्याय घ्या. एक्सेल २०१६ च्या सुधारित आवृत्त्यांपासून तो आहे. सीएसव्हीमध्ये एका वेळी समोर उघडी असलेली एकच शीट जाते. तालुक्यागणिक अकरा शीट केल्या असतील तर अकरा वेळा सेव्ह करावं लागेल, किंवा आधी सगळं एका शीटवर आणून तालुक्याचा वेगळा रकाना करा. दुसरं बरं.

जुनं एक्सेल असेल तर तीच फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडा. ते फुकट मिळतं. सेव्ह करताना 'टेक्स्ट सीएसव्ही' निवडून 'एडिट फिल्टर सेटिंग्ज'वर खूण करा. पुढच्या खिडकीत कॅरेक्टर सेट विचारला जातो, तिथे यूटीएफ-८ निवडा. मला ही पद्धत जास्त आवडते, कारण ती तुम्हाला विचारते. गूगल शीट्समधून डाउनलोड केलेली सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच येते.

एक बारकावा. एक्सेल यूटीएफ-८ सीएसव्हीच्या अगदी सुरुवातीला ३ बाइटांची एक अदृश्य खूण ठेवतं, तिला बॉम म्हणतात. ही खूण पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला चिकटते. मग 'नाव' असा रकाना आहे हे डोळ्यांना दिसतं आणि प्रोग्राम म्हणतो असा रकानाच नाही. तासभर डोकं खाणारी ही चूक आहे. शीर्षकाची ओळ वगळून आयात केली तर बॉम तिच्याबरोबरच जातो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून वाचत असाल तर एन्कोडिंगच्या जागी 'यूटीएफ-८-सिग' लिहा, तो खूण स्वतः काढून टाकतो. लिब्रेऑफिस आणि गूगल शीट्स ही खूण ठेवत नाहीत.

पायरी ५: फाइल नोटपॅडमध्ये उघडा, एक्सेलमध्ये नाही

सीएसव्हीवर डबल-क्लिक केलं की ती एक्सेलमध्ये उघडते, आणि बॉम नसेल तर एक्सेल तिला जुन्या पद्धतीची समजून वाचतं. चांगल्या फाइलमध्ये कचरा दिसतो. घाबरून माणूस तीच सेव्ह करतो आणि चांगली फाइल खरोखर बिघडते. शिवाय एक्सेल उघडता उघडता आणखी नुकसान करतं: सोलापूरचा ०२१७ हा एसटीडी कोड २१७ होतो, सोळा आकडी खातेक्रमांकातला शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे १५ च आकडे सांभाळतं.

नोटपॅडमध्ये उघडलं तर खालच्या पट्टीत उजवीकडे संकेतपद्धतीचं नाव दिसतं. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये ही सोय आहे. तिथे यूटीएफ-८ असलं आणि मराठी वाचता आली, तर फाइल चांगली. अन्सी, म्हणजे ती जुनी पद्धत, असं लिहिलं असेल आणि मराठी नसेल तर मागे जा.

पायरी ६: डेटाबेस आणि तक्ता तयार करा

छोट्या दुकानांत आणि संस्थांत बहुतेक ठिकाणी मायएसक्यूएल किंवा त्याची बहीण मारियाडीबी असते, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर.

मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाची जी पद्धत आहे ती अर्धवट आहे. ती एका खुणेला ३ च बाइट देते. देवनागरी, तेलुगू, कन्नड त्यात बसतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. मग व्हॉट्सॲपवरून उचललेलं एखादं नाव येतं, शेवटी हात जोडलेली इमोजी असलेलं. तिला ४ बाइट लागतात. कडक पद्धतीने चालणारा सर्व्हर चूक दाखवून थांबतो. ढिला सर्व्हर त्या खान्यातला इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गुपचूप कापून टाकतो. म्हणून नेहमी 'यूटीएफ८एमबी४' निवडा. डेटाबेस तयार करताना, तक्ता तयार करताना, दोन्ही वेळी. मायएसक्यूएल ८.० पासून तीच मूळ निवड आहे. त्याआधी मूळ निवड लॅटिन१, म्हणजे एका बाइटची ती जुनी युरोपी पद्धत होती, आणि जुन्या पीएचपीमायॲडमिनमध्ये (ब्राउझरमधून मायएसक्यूएल हाताळायचं साधन) कोलेशनच्या, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमाच्या, रकान्यात 'लॅटिन१ स्वीडिश' असं दिसतं ते त्याचंच. सोलापूरच्या यादीशेजारी स्वीडिश दिसलं की तिथेच थांबा आणि बदला. तक्ता रिकामा असताना बदलणं दोन क्लिकचं काम आहे. भरल्यावर ते जोखमीचं होतं.

रकान्याची लांबी इथे खुणांत मोजली जाते, बाइटांत नाही. तरीही मराठी नावाला काना-मात्रांमुळे आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त खुणा लागतात. 'मंगळवेढा' पाच अक्षरांचा वाटतो, आहे आठचा. पूर्ण नावाला १५०, पत्त्याला ५०० ठेवा.

पोस्टग्रेएसक्यूएल वापरत असाल तर डेटाबेस तयार करतानाच एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या. ते नंतर बदलता येत नाही, नवा डेटाबेस करून माल तिकडे न्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकान्याचा प्रकार साधा 'व्हारचार' घेऊ नका, 'एनव्हारचार' घ्या, आणि कमांडमध्ये मराठी मजकूर लिहिताना अवतरणचिन्हाच्या आधी मोठा एन लिहा. तो राहिला की रकाना बरोबर असूनही प्रश्नचिन्हं येतात.

पायरी ७: आत नेणं

आधी पाच ओळींची चाचणी-फाइल करा. अख्खी यादी पहिल्याच फटक्यात ढकलायची नाही. माझ्या चाचणी-फाइलमध्ये हे असतं: मंगळवेढा, शेतकऱ्यांसाठी, ॲड., रुपयाचं चिन्ह, एक तेलुगू आणि एक कन्नड नाव, हात जोडलेली इमोजी, आणि स्वल्पविराम असलेला एक पत्ता. स्वल्पविराम यासाठी की सीएसव्हीत रकाने त्यानेच वेगळे होतात. पत्त्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हं आहेत हे आयात करताना सांगितलं नाही तर साखर पेठ एका रकान्यात आणि सोलापूर दुसऱ्यात जाऊन बसतं.

पीएचपीमायॲडमिनमधून नेत असाल तर 'इम्पोर्ट'च्या पानावर फाइलचा कॅरेक्टर सेट विचारलेला असतो, तो यूटीएफ-८ आहे ना ते बघा. पहिली ओळ शीर्षकाची आहे ही खूणही तिथेच करा.

'लोड डेटा' या कमांडने नेत असाल तर एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बरेच जण आधी 'सेट नेम्स' ही जोडणीची संकेतपद्धती सांगणारी कमांड चालवतात आणि समजतात की झालं. 'लोड डेटा' फाइल वाचताना त्याकडे बघत नाही. फाइल कोणत्या पद्धतीतली आहे हे त्या कमांडमध्येच 'कॅरेक्टर सेट' लिहून सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ती डेटाबेसची मूळ पद्धत धरते. डेटाबेस लॅटिन१ आणि तक्ता यूटीएफ८एमबी४ असला की इथेच कचरा होतो, आणि कमांड मात्र 'इतक्या ओळी गेल्या' म्हणून आनंदाने सांगते.

स्वतःच्या प्रोग्रामने नेत असाल तर फाइल आणि तक्ता यांच्या मधली जोडणी हा तिसरा टप्पा. पीएचपीत जोडणी उघडल्याबरोबर 'सेट चारसेट' चालवून यूटीएफ८एमबी४ द्या. पायथनमध्ये जोडणीच्या ओळीतच चारसेट लिहिता येतो. पोस्टग्रेमध्ये 'क्लायंट एन्कोडिंग'. पोस्टग्रेचा एक गुण मला फार आवडतो: यूटीएफ-८ म्हणून दिलेले बाइट चुकीचे असतील तर ते घेतच नाही, चूक दाखवून थांबतं.

पायरी ८: मोजून बघा

डोळ्यांवर विसंबू नका. कचरा आत गेला आणि त्याच चुकीच्या जोडणीने बाहेर आला तर पडद्यावर सुंदर मराठी दिसते. दोन चुका एकमेकींना झाकतात. वर्षभराने सर्व्हर बदलला की बिंग फुटतं.

मायएसक्यूएलमध्ये 'चार लेंग्थ' खुणा मोजतं आणि 'लेंग्थ' बाइट. पोस्टग्रेमध्ये बाइटांसाठी 'ऑक्टेट लेंग्थ' आहे. मंगळवेढ्याच्या ओळीवर दोन्ही चालवा. मायएसक्यूएलमध्ये मला आजवर ज्या जोड्या भेटल्या त्या अशा.

८ आणि २४: सगळं बरोबर.

८ आणि ८: प्रश्नचिन्हं. मूळ फाइलकडे परत जा, दुसरा मार्ग नाही.

२४ आणि ५१: यूटीएफ-८ चे बाइट जुन्या पद्धतीने वाचून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिले गेले. दुहेरी एन्कोडिंग. दुरुस्त होतं.

२४ आणि २४: रकाना लॅटिन१ आहे आणि त्यात यूटीएफ-८ चे बाइट जसेच्या तसे पडले आहेत. हेही दुरुस्त होतं, पण वेगळ्या रीतीने.

यादीत मंगळवेढा नसला तर 'हेक्स' चालवा, बाइट उघडे दिसतात. मराठी नाव ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू झालं पाहिजे. सी३ ए० दिसलं तर दुहेरी एन्कोडिंग, ३एफ म्हणजे प्रश्नचिन्ह. आणि मग एक्सेलमधल्या एकूण ओळी आणि तक्त्यातल्या एकूण ओळी जुळवा. खान्यात ऑल्ट-एंटर मारून दोन ओळींत लिहिलेले पत्ते असतील तर ही बेरीज चुकू शकते.

बिघडलंच असेल तर

तक्त्याची आधी प्रत घ्या आणि प्रयोग प्रतीवर करा.

दुहेरी एन्कोडिंग असेल तर ज्या वाटेने बिघडलं त्याच वाटेने उलटं यायचं: रकाना 'कन्व्हर्ट'ने लॅटिन१ मध्ये आणा, ते बाइट 'कास्ट'ने बायनरी म्हणजे नुसते बाइट म्हणून धरा, आणि पुन्हा 'कन्व्हर्ट'ने यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचा. आधी नुसतं 'सिलेक्ट' करून निकाल बघा, मंगळवेढा ८ आणि २४ वर आला तरच 'अपडेट' करा. ज्या ओळी आधीच चांगल्या आहेत त्यांच्यावर हे चालवलं तर त्या बिघडतात, म्हणून सी३ ए० ने सुरू होणाऱ्याच ओळी निवडा.

२४ आणि २४ असेल तर रकान्याचा प्रकार आधी बायनरी करा, मग यूटीएफ८एमबी४. लॅटिन१ वरून थेट यूटीएफ८एमबी४ केलंत तर मायएसक्यूएल प्रामाणिकपणे एकेका अक्षराचं रूपांतर करेल आणि तुम्ही २४ आणि ५१ वर जाऊन पोचाल.

चाटी गल्लीच्या दुकानात ८ आणि ८ निघालं. एक्सेलची मूळ फाइल मालकांच्या मुलीने महिन्यापूर्वी मेलवर पाठवलेली होती, ती सापडली. त्यात चाळीसेक ओळी जुन्या फॉन्टच्या निघाल्या, त्या आधी बदलल्या. संध्याकाळपर्यंत तक्ता पुन्हा भरून झाला.

परत एक्सेलमध्ये द्यायचं असेल तर

डेटाबेसमधून काढलेली सीएसव्ही मालकांना पाठवली की ते ती डबल-क्लिकने उघडणार, हे धरूनच चाला. म्हणून बाहेर काढताना बॉम ठेवा. पायथनमध्ये लिहितानाही तेच 'यूटीएफ-८-सिग'. आत नेताना जी खूण नको असते ती इथे लागते. बॉमशिवायची फाइल आधीच पाठवली असेल तर त्यांना सांगा की रिकामं एक्सेल उघडा, 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही' घ्या, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ हा क्रमांक निवडा, तोच यूटीएफ-८ चा. आणि फोनचा रकाना 'टेक्स्ट' करायला सांगा, म्हणजे ०२१७ मधलं शून्य जागेवर राहील.